पाच ठिपक्यांचा नियम

मी हिमालय पाहिलेला नाही. विमानातही कधी बसलेले नाही. तरी हिमालयावरच्या हिवाळी ढगांच्या पोटात काय असतं ते मी दीड वर्ष रोज आठ तास पाहत होते. लकडगंजात, प्लायवूडच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर. खालून करवतीचा आवाज यायचा आणि भुशाचा वास. वर आम्ही अकरा जण, अकरा स्क्रीन आणि मे महिन्यात दोन कूलर, त्यातल्या एकाचा पंप रोज दुपारी बंद पडायचा.

काम सांगायला सोपं होतं. थंडीच्या दिवसांत एक विमान मुद्दाम अशा ढगांत शिरायचं, ज्यांना बाकीची विमानं वळसा घालतात. त्याच्या पंखाखाली एक यंत्र लावलेलं असायचं, पुढे काढलेल्या दोन बोटांसारखं. एका बोटातून दुसऱ्या बोटाकडे लेझरचा किरण जायचा. मधून ढगातला कण गेला की त्याची सावली पडायची आणि ती ठिपक्याठिपक्यांनी नोंदली जायची. या सावल्या आमच्याकडे यायच्या, आणि प्रत्येक सावलीखाली आम्ही एक बटण दाबायचो. पाणी किंवा बर्फ.

शून्याच्या खाली पंधरा अंशांवर पाणी कसं असेल, असं मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं. असतं. ढगातला बारीक थेंब सहजासहजी गोठत नाही. गोठायला त्याला काहीतरी धरायला लागतं. धुळीचा योग्य कण, बर्फाचा तुकडा, नाहीतर विमानाचा पंख. ते मिळेपर्यंत तो थंड होत जातो, पण पाणीच राहतो. याला अतिशीत पाणी म्हणतात. मोहिमेला हेच पाणी मोजायचं होतं, कारण तिच्या मागे फवारणीचा बेत होता. ढगात रसायनाचा धूर सोडायचा, धुराच्या कणांवर हे पाणी गोठवायचं, पहाडावर जास्त बर्फ पाडायचा, म्हणजे उन्हाळ्यात नद्यांना पाणी. ढगात अतिशीत पाणी भरपूर असेल तरच या खटाटोपाला अर्थ. ढग आधीच बर्फानं भरलेला असेल तर धूर सोडा नाहीतर उदबत्ती लावा, फरक पडत नाही. म्हणजे आमच्या ‘पाणी’ या बटणावर पुढच्या हिवाळ्याची फवारणी उभी होती. आणि फवारणीवर आमच्या कंपनीचं पुढचं कंत्राट.

हे सगळं मला समजावून सांगितलं ते ताईंनी. त्या आमच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या होत्या, चाळिशीच्या. रोज रामटेकहून बसनं यायच्या. डब्यात बहुतेक कोथिंबिरीची सांबारवडी असायची आणि ती त्या सगळ्यांना एकेक देऊन उरली तर स्वतः खायच्या. आधी त्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होत्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवलं तितक्यांपुरत्याच त्या शिक्षिका. सुटी लागली की कोणीच नाहीत.

“नऊ वर्षं शिकवलं वं मी,” त्या एकदा म्हणाल्या होत्या. “नऊही वर्षं हजेरीबुकात माह्यं नाव पेन्सिलनं लिहिलेलं. बाकीच्यायचं पेननं. मी एका साली क्लार्कले विचारलं, तं म्हणे मॅडम, खोडाले सोपं जाते.”

त्या हे हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही. अशा गोष्टी हसत सांगणाऱ्या माणसांचा मला रागच यायचा. हा राग मला घरून मिळाला होता.

माझे बाबा महाल भागातल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे दिवस संपल्यावर तिथेच ऑफसेटवर आले. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोणीही हातात दिलेलं पत्रक ते घडी करून खिशात ठेवायचे आणि संध्याकाळी बाबांकडून वाचून घ्यायचे. बाबा अक्षरं शिकले ती पत्रकांवर आणि मीही पत्रकांवरच. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. शिष्यवृत्ती का थांबली, वस्तीतला नळ कोणी तोडला, अमुक कारखान्यातल्या कामगारांना काढलं ते बेकायदा कसं, असली पत्रकं होती. त्यातली निम्मी बाबांनी लिहिलेली आणि स्वतःच छापलेली असायची. दर दसऱ्याला दीक्षेच्या मैदानाबाहेर चादर अंथरून ते पत्रकं आणि पुस्तिका मांडून बसायचे.

पत्रक वाचायची आमच्या घरची एक रीत होती. कोणतंही पत्रक हातात आलं की आधी शेवट पाहायचा. तिथे लिहिणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल तरच वरून वाचायला घ्यायचं. नाव नसेल, किंवा नावाच्या जागी ‘एक हितचिंतक’ असेल, तर त्याची दुधाच्या भांड्याखाली ठेवायची घडी व्हायची, मग आत कितीही खरं लिहिलेलं असो.

दुसरी रीत शुद्धिपत्राची. छापलेल्या मजकुरात चूक निघाली की बाबा चिटोरी छापून प्रत्येक प्रतीला लावायचे. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. एकदा कोणा नगरसेवकानं खाल्लेल्या पाइपांचा आकडा त्यांनी चुकून जास्त छापला. नगरसेवक चोर होता यात कोणालाच शंका नव्हती. तरी बाबांनी शुद्धिपत्र छापलं आणि घरोघर जाऊन दिलं. आई म्हणाली, “हे कोणी वाचत तरी आहे काय?” बाबा म्हणाले, “नसू दे ना. मी लावलं.”

आता ऑफिसच्या भिंतीवरच्या तक्त्याचं.

मी लागले त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाकीचे खाली चहाला गेले होते. आत मी होते, ताई होत्या आणि सर केबिनमधून बाहेर आले. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे प्रमुख. वाईट माणूस नव्हे, निदान तसं दिसायचं नाही. वाढदिवसाला केक आणायचे. त्या दिवशी काम मागे पडलं म्हणून त्यांना वरून फोन आला होता.

“ताई, छोटे-छोटे में टाइम जा रहा है,” ते म्हणाले. “एकेका बारक्या ठिपक्यावर पोरं मिनिट-मिनिट विचार करून राहिली. एक नियम करा. पाच ठिपके किंवा त्याहून लहान असेल तर डायरेक्ट पाणी.”

“सर, पाच ठिपक्यांत काही गोल-चौकोन समजत नाही,” ताई म्हणाल्या.

“म्हणूनच तर. समजतच नाही तर विचार कशाला करायचा?”

ते हसले. मीही हसले. मला आठवतं, कारण नवी होते आणि सरांच्या विनोदाला हसायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती.

“एक तक्ता करून भिंतीवर लावा,” सर जाता जाता म्हणाले. “तुमचं अक्षर छान आहे.”

ताईंनी संध्याकाळपर्यंत तक्ता केला. पांढऱ्या जाड कागदावर काळ्या मार्करनं. स्तंभासारखा स्फटिक, पत्र्यासारखा, चांदणीसारखा, सगळ्यांची चित्रं काढली. शेवटची ओळ होती, ‘पाच ठिपके वा कमी : पाणी’. आणि त्याखाली, तक्ता तयार करणारी म्हणून त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. सरांनी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलं, सही कशाला, तर म्हणाल्या, “मार्करनं लिहिलं वं. आता खोडून दाखवा म्हणा.”

मला त्या सहीचा फार आनंद झाला होता. घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “शिकलेली बाई दिसते.”

त्या तक्त्यानुसार आम्ही वर्षभर बटणं दाबली.

पुढच्या एप्रिलमध्ये हिवाळ्याच्या उड्डाणांची नवी फाइल आली. नेहमी आमच्यापर्यंत फक्त सावल्या यायच्या. बाकीचे रकाने सर काढून टाकायचे, म्हणजे स्क्रीन झटपट उघडते. त्या दिवशी ते राहून गेलं. प्रत्येक सावलीच्या शेजारी तिची वेळ होती, सेकंदाच्या बारीक बारीक भागापर्यंत. मी सवयीनं बटणं दाबत होते, पाणी, पाणी, पाणी, आणि नजर वेळेवर गेली. सात कण जवळजवळ एकाच क्षणी आले होते. नंतर बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पाच, एकावर एक. मग शांतता.

ढगातले थेंब असे येत नाहीत. ते विखुरलेले असतात, यंत्रासमोरून जाताना कमीजास्त अंतरानं येतात. असे झुंडीनं येत नाहीत. हातातली बाटली दाराच्या चौकटीवर आपटली तर तिच्या ठिकऱ्या जशा एकदम आत उडतील, तसे हे येत होते. आणि तेच घडत होतं. बर्फाचा मोठा स्फटिक यंत्राच्या बोटावर आपटून फुटत होता. त्याच्या ठिकऱ्या किरणातून जात होत्या. ठिकऱ्या लहान, म्हणून पाच ठिपक्यांच्या आत, म्हणून तक्त्याप्रमाणे पाणी. एका बर्फाच्या कणाचे आम्ही सात पाण्याचे थेंब करत होतो.

आणखी एक रकाना होता. विमानाच्या अंगावर एक लहानशी दांडी असते. अतिशीत पाणी तिला लागलं की तिच्यावरच गोठतं आणि किती गोठलं याची नोंद होते. ज्या मिनिटांना आम्ही पाणीच पाणी लिहिलं होतं, त्यातल्या कितीतरी मिनिटांना दांडी कोरडी होती. ती तिकडे पहाडावर, पंखाशेजारी, सांगत होती की पाणी नाही. आणि आम्ही लकडगंजात बसून लिहीत होतो की आहे.

मी दोन पानं छापून घेतली आणि जेवायच्या सुटीत ताईंना जिन्यात गाठलं.

“ताई, हे पाणी नाही.”

त्यांनी पानं पाहिली. फार वेळ पाहिली नाहीत. “मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“केव्हापासून?”

“दिवाळीपासून. मलेही एकदा अशीच फाइल आली होती. डबा काढ.”

“तुम्ही सरायले सांगितलं नाही?”

“सांगितलं. सर म्हणे, पाहू. मंग त्यायनं पुन्हा एकही रकाना राहू दिला नाही.” त्यांनी डब्याचं झाकण उघडून वडी माझ्यापुढे केली. “जुलैत मले पर्मनंट करून राहिले. हेड ऑफिसले कागद गेला आहे. आता हे निघालं तं पहिले भिंतीकडे पाहतील. तक्त्याखाली नाव कोणाचं आहे?”

“पण नियम तं सरायनं सांगितला होता. मी होती ना तिथं.”

“हाव. तू होती.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “मंग वेळ आली तं सांगशील?”

“सांगीन.”

“पाहू,” त्या म्हणाल्या. अगदी सरांसारखंच. मग म्हणाल्या, “जुलै होऊ दे वं. मंग मी सोताच बोलतो. माह्या नावानं.”

पण अहवाल जूनमध्ये जाणार होता. जुलैत बोलून उपयोग काय? खोट्या पाण्यावर विमानं उडणार, धूर सुटणार, कोणाच्या तरी शेतीसाठी म्हणून ठेवलेला पैसा पहाडावरच्या वाऱ्यात जाणार. मी ताईंशी दोन दिवस वाद घातला. त्यांना म्हटलं, तुमच्यासारखी माणसं पर्मनंट होण्याची वाट पाहत बसतात म्हणूनच अशा कंपन्या चालतात. हे वाक्य मी कोणत्या तरी पत्रकात वाचलेलं असणार. ताईंनी डबा बंद केला. त्यानंतर वडी आणली, पण माझ्यापुढे केली नाही.

मी मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं, ईमेलनं. सगळं लिहिलं. वेळेचं अंतर, कोरडी दांडी, भिंतीवरचा पाच ठिपक्यांचा नियम. भाषा कडक होती, मुद्दे बरोबर होते. त्यासाठी एक नवा ईमेल पत्ता उघडला आणि शेवटी लिहिलं, ‘एक कर्मचारी’. नियम कोणी सांगितला ते लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर त्या वेळी खोलीत कोण होतं हा प्रश्न आला असता, आणि तिथून माझ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागणार होता?

रविवारी सकाळी त्याची छापलेली प्रत मी बाबांपुढे ठेवली. मला कौतुक हवं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि आधी शेवट पाहिला.

“हा कोण? एक कर्मचारी?”

“मीच.”

“मंग तसं लिही.”

“नोकरी जाईल ना बाबा.”

“जाईल,” बाबा म्हणाले. “माही दोनदा गेली.” मग विचारलं, “पाठवलं काय?”

“पाठवलं.”

“मंग मले काहून दाखवून राहिली?”

त्यांनी कागद वाचला नाही. परत माझ्या हातात दिला. भांड्याखाली ठेवला असता तरी बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी शास्त्रज्ञांचं उत्तर सरांकडे आलं. सभ्य भाषेत होतं. तुमच्याकडील वर्गीकरणाच्या एका नियमाबद्दल शंका आहे, तो कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला ते कळवावं. सरांनी आम्हा सगळ्यांना तक्त्यासमोर उभं केलं.

“ये पाँच वाला नियम किसका है?”

कूलरचा पंप त्या दिवशी नेमका चालू होता, पाणी पडल्याचा आवाज येत होता.

“सही तर आहे खाली,” सर म्हणाले. “वाचता येते ना सगळ्यांना? ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, कॉलेजात शिकवून आल्या. इतका मोठा नियम करायच्या आधी विचारायचं तरी.”

“सर, तुम्हीच सांगितलं होतं.”

“मी?” सर खरंच चकित झाल्यासारखे दिसले. कदाचित विसरलेही असतील. “मी म्हटलं होतं तुमचं अक्षर छान आहे. हां, ते म्हटलं होतं.” दोघंतिघं हसले. “केव्हा सांगितलं मी? कोण होतं?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बोलायच्या आधी माझ्यावर नजर पडू नये म्हणून त्यांनी मुद्दाम सरांकडेच पाहत ठेवलं असावं, असं मला नंतर वाटलं. मी मात्र त्यांच्याकडे पाहत होते. माझ्याकडे वाक्य तयार होतं. ‘मी होते, सर.’ इतकंच. लहानपणापासून मी असल्या वाक्यांवर वाढले. दसऱ्याला चादरीवर बसून मी मोठ्या माणसांना सांगायची की अन्याय पाहून गप्प बसणारा अन्याय करणाऱ्याचा भागीदार असतो, आणि माणसं माझ्या गालाला हात लावून पत्रक घ्यायची.

मी काही बोलले नाही.

ताई पुढे झाल्या. त्यांनी तक्त्याचे चारही कोपरे नखानं हळू सोडवले, कागद फाटू दिला नाही, गुंडाळी केली आणि आपल्या पिशवीत उभी घातली. जूनच्या अखेरीस त्यांचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. त्यांना काढलं असं कोणी म्हणू शकणार नाही. करारावर असलेल्या माणसाला काढावंच लागत नाही, तारीख उलटली की झालं. पेन्सिल तरी खोडावी लागते.

पुढच्या सोमवारी सरांनी मला ताईंच्या खुर्चीवर बसवलं. वेळेच्या अंतराचं मला समजतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कसं समजतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला वाटतं त्यांना ते जाणून घ्यायचंच नव्हतं. नवा तक्ता मी केला. झुंडीनं आलेले कण वेगळे काढा, दांडी पाहा, संशय असेल तर ‘संशयित’ लिहा. चांगला तक्ता होता. खाली सही करायला पेन टेकवलं तेव्हा सर मागून म्हणाले, “नाम मत लिखो. टीम लिख दो.”

मी ‘टीम’ लिहिलं.

अहवाल उशिरानं, सप्टेंबरात आला. पाण्याचं प्रमाण आधी वाटलं होतं त्याहून पुष्कळ कमी निघालं होतं. बरीचशी उड्डाणं बर्फाच्या ढगांतून झाली होती. म्हणजे माझं पत्र कामाला आलं. एका तळटीपेत लिहिलं होतं की प्राथमिक वर्गीकरणात एका कर्मचाऱ्याच्या चुकीच्या नियमामुळे दोष राहिला होता, तो दूर केला आहे. एका कर्मचाऱ्याच्या. मी पत्राखाली जे लिहिलं होतं तेच दोन शब्द आता ताईंच्या वाट्याला आले होते. फवारणी मात्र रद्द झाली नाही. पुढचा हिवाळा पुन्हा मोजमाप करायचं ठरलं, विमानं पुन्हा उडणार होती, आणि आमचं कंत्राट वाढलं. सरांनी केक आणला. मी खाल्ला.

दसऱ्याला बाबांच्या चादरीवर बसायला गेले नाही. बाबांनी बोलावलंही नाही. त्या दिवशी घरी बसून मी शुद्धिपत्र लिहिलं, बाबांच्या पद्धतीनं. अहवालाचं पान, तळटीप. अशुद्ध : एका कर्मचाऱ्याच्या चुकीच्या नियमामुळे. शुद्ध : कार्यालय प्रमुखांनी तोंडी सांगितलेल्या नियमामुळे. तक्ता करणाऱ्या ताईंनी त्याच वेळी हरकत घेतली होती आणि दिवाळीत पुन्हा चूक दाखवली होती. पहिल्या प्रसंगी मी हजर होते. चूक कळवणारं निनावी पत्र मी लिहिलं. चौकशीच्या वेळी मी अनवधानानं गप्प राहिले. खाली माझं नाव, घराचा पत्ता, फोन.

पाठवण्याआधी ते घेऊन रामटेकला गेले. बसमधून दोन्ही बाजूंना धान उभं होतं, कापणीला आलेलं. ताईंचं घर गडाच्या पायथ्याशी, भाविकांच्या वाटेपासून जरा आत. बाहेरच्या खोलीत त्या दहावीची शिकवणी घेत होत्या. पाच-सहा मुली सतरंजीवर बसून पेपर सोडवत होत्या. मला पाहून ताई उठल्या नाहीत. खुर्चीकडे बोट केलं.

भिंतीवर शिकवणीचं वेळापत्रक लावलेलं होतं. जाड पांढरा कागद, निळ्या पेननं आखलेला. मागून काळा मार्कर उमटलेला दिसत होता, उलटी चांदणी, उलटे स्तंभ, आणि खालच्या कोपऱ्यात उलटी सही.

“कागद चांगला होता,” ताई म्हणाल्या. “वाया काहून घालवू?”

मी शुद्धिपत्र दिलं. त्यांच्या हातात पेपर तपासायचं लाल पेन होतं, ते तसंच धरून त्यांनी वाचलं. आधी वरून. शेवट शेवटी पाहिला. मग पुन्हा मध्ये आल्या आणि एका शब्दावर रेघ मारली.

“अनवधानानं?”

त्यांनी पेनाचं टोक त्या शब्दावर टेकवलं.

“माह्याकडे पाहून राहिली होती तू. सगळा वेळ. मले डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मी मोजून राहिली होती, आता बोलते, आता बोलते.” मुलींपैकी एकीनं वर पाहिलं. ताईंनी तिला बोटानं पेपर दाखवला. “ते पत्र तू लिहिलं हेही मले त्याच दिवशी समजलं. बरोबर लिहिलं होतं. त्याचं मले काही नाही. पण पत्रात नाव टाकलं असतं तं मी एकटी नसती ना वं उभी तिथं.”

“चुकलं माह्यं.”

“हाव.” त्यांनी लाल पेन माझ्यापुढे केलं. “काय झालं होतं ते लिही. तुह्या हातानं.”

रेघ मारलेल्या शब्दाच्या वर मी लिहिलं, ‘नोकरी जाईल या भीतीनं’. जागा कमी होती, अक्षर वाकडं आलं. ताईंनी कागद घेतला, वाचला, आणि तपासलेल्या पेपरवर करतात तशी कोपऱ्यात बरोबरची लाल खूण केली. सवयीनं झालं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“हे पाठवलं तं मले परत घेतील काय?” त्यांनी विचारलं.

“नाही घेणार.”

“मलेही तसंच वाटते. तरी एक प्रत ठेवून जा. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीले विचारतात, तिथून काहून निघाल्या म्हणून.”

मी प्रत ठेवली. चहा घेशील का असं त्यांनी विचारलं नाही आणि तशी अपेक्षा करायचा मला हक्क नव्हता. निघताना माझ्या मनात आलं, काहीतरी बोलावं. त्या मुलींकडे वळल्या होत्या.

“सहाची गाडी भेटून जाईल,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “नीघ.”

सोमवारी सकाळी मी ते शुद्धिपत्र शास्त्रज्ञांना, हेड ऑफिसला आणि सरांना पाठवलं, लाल खुणेसकट. दुपारपर्यंत माझी स्क्रीन उघडेनाशी झाली. सर केबिनमधून बाहेर आले नाहीत. शास्त्रज्ञांकडून दोन ओळींचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे, धन्यवाद. तळटीप तशीच आहे. मी अजून अधूनमधून तो अहवाल उघडून पाहते.

संध्याकाळी घरी बाबांना एक प्रत दिली. त्यांनी आधी शेवट पाहिला. मग खुर्ची उजेडाकडे ओढली आणि वरून वाचायला घेतली.